तळ्यात गेलेली नाव

ती नाव विसरू म्हटलं तरी विसरत नाही. तेव्हा मी परभणी जिल्ह्यातल्या एका ठाण्यात फौजदार होतो. तिथल्या तळ्याकाठी, पत्र्याच्या सरकारी शेडमध्ये, गोदावरीवरच्या जुन्या नावा-होड्यांचं संग्रहालय होतं. शेड पाडून पक्की इमारत बांधायचं ठरलं. नावा उघड्यावर आल्या आणि एका सकाळी सगळ्यांत मोठी, सागवानी नाव गायब झाली.

फिर्याद इमारतीच्या ठेकेदाराची, संशय संग्रहालयाच्या तरुण चौकीदारावर. ती नाव त्याच्याच आजोबांनी घाटावर चालवलेली. नोकरी म्हणाल तर घरातली पहिली सरकारी; चोरी शाबीत झाली असती तर ती गेलीच. वरून सारखे फोन, भूमिपूजनाआधी आरोपी दाखवा. चौकशीत पोरगा एकच धरून बसला, "साहेब, इकली न्हाई वो." मला त्याचा रागच आला.

खबऱ्यानं मानवतच्या एका लाकूड कटाई गिरणीचा पत्ता दिला. छापा घातला, नाव नाही. मालक मात्र पुरता टरकला. "ठेकेदारच सौदा करून गेला साहेब. मी वाट बघायलोय, माल आलाच न्हाई."

म्हणजे फिर्यादीनंच नाव विकायला काढली होती! मग ती नेली कुणी?

तडक तळ्यावर गेलो. काठाच्या गवतात खण, नारळ, हिरव्या बांगड्या अडकलेल्या. सण ना वार, ही ओटी कुणाची? चौकीदाराच्या आईला विचारलं. ती तोंड फिरवून घरात निघाली. मी सरळ सांगितलं, "बाई, खरं बोलला नाहीत तर पोरगा तुरुंगात जाईल."

"नावंची हाय," ती म्हणाली. "करवत लावायले व्हते तिला. आमच्यात नाव कापत न्हाईत, पाण्याला देत्यात. भावकीनं दगडं भरून बुडवली. लेकीला रित्या वटीनं कसं धाडावं?"

चोरी लपवायची आणि ओटीही भरायची! कपाळावर हात मारून घेतला मी.

पंचांसमोर नाव वर काढली. तळं संग्रहालयाच्याच हद्दीत. माल बाहेर गेलाच नाही, तर चोरी कसली? पंचनाम्यात तसंच नोंदवलं. पोरगा सुटला, ठेकेदारावर गुन्हा दाखल झाला.

म्हातारी ओल्या फळ्यांवर हात फिरवत रडत होती. "पोरगं वाचवलंत साहेब. पर वाटंला लावलेली लेक माघारी आणलीत."

तपास पुरा झाला की सगळ्यांना न्याय मिळतो, असं मी तोवर समजत होतो. त्या दिवसानंतर तसं कधी म्हटलं नाही.