सव्वादोन दिवसांचं वर्ष

आमच्या नात्यात सगळ्यांना ठाऊक आहे की माझ्या मुलीने आकाशातल्या एका ग्रहापायी राजगुरुनगरचं चांगलं स्थळ मोडलं. ही माहिती पसरवण्यात माझा वाटा मोठा आहे. मी गप्प बसलो होतो.

मुलगी ज्या ग्रहावर संशोधन करते त्याचं नाव एचडी १८९७३३ बी. एमएच चौदाच्या नंबरप्लेटवर शोभेल असं. आपल्या गुरूसारखाच वायूचा गोळा, पण ताऱ्याला इतका चिकटून फिरतो की त्याचं वर्ष सव्वादोन दिवसांत संपतं. उष्णता नऊशे अंशांच्या पुढे. चाकणच्या कंपनीत गिअर कडक करायच्या भट्टीपुढे माझी हयात गेली, तिथेही साधारण तेवढीच. तरी मला वाटायचं, पोरगी नसत्या नादाला लागली.

बघण्याच्या कार्यक्रमाला मुलाचे वडील आले. त्यांचा धंदा प्लॉटिंगचा.

"किती लांब आहे म्हणे तो?"

"चौसष्ट प्रकाशवर्षं," मुलगी म्हणाली.

"मग रेट पडलेलाच असणार. बरं, यंदा गुरुबळ आहे का तुला?"

"त्या गुरूचं धरलं तर दर सव्वादोन दिवसांनी येईल, काका."

सगळे हसले. मी घाबरलो. ती कप घेऊन आत गेल्यावर घाईने म्हणालो, "अहो, तिचा तो टाइमपास आहे. लग्न झालं की सोडेल. माझा शब्द." भट्टीतला एक गिअर मी कधी न तपासता पास केला नाही, पोरीचं आयुष्य मात्र तिला न विचारता पास केलं. तिने ते दाराआडून ऐकलं, बाहेर आली आणि शांतपणे नकार दिला. पाहुणे गेले, बदनामी तिच्या नावावर राहिली, आणि ती माझ्याशी बोलायची थांबली.

परवा संत तुकाराम नगरला आमच्या घरी सगळे जेवायला जमले. बहिणीने पुन्हा तोच विषय उकरला. मी घास खाली ठेवून म्हणालो, "स्थळ माझ्यामुळे मोडलं. तिच्या वतीने मी खोटा शब्द दिला होता."

"दादा, आता सांगून काय उपयोग? तो मुलगा दोन पोरांचा बाप झालाय."

"मला त्याचं वाईट कधी वाटलंच नव्हतं, आत्या," मुलगी म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "बाबा, तेव्हा मला विचारायचं होतंत. अजून विचारू शकता."

मी विचारलं, त्या ग्रहावर पाऊस पडतो का.

"काचेच्या कणांचा पडत असावा. आणि तोही आडवा."

"म्हणजे कपडे वाळत घालायची सोय नाही," बहीण म्हणाली. मुलगी हसली. ती पुन्हा बहिणीकडे वळायच्या आत मी तिथल्या वाऱ्याचा वेग विचारला.