साबणाच्या डबीतला रिमोट

त्या वर्षी डोंबिवलीतली सर्वांत हुशार सून मी होते. असं फक्त माझंच मत होतं, पण पक्कं होतं.

सासूबाईंचं मांडीचं हाड मोडलं म्हणून मी रजा घेतली होती. सोमवारी परत कामावर जायचं होतं. जेवणखाण शेजारीण बघणार होती, पण पंखा लावला की गारठा आणि बंद केला की घाम, ह्यासाठी तिला सारखी हाक मारणं सासूबाईंना पटेना. मी इलेक्ट्रॉनिक्सवाली. म्हटलं, रिमोट करते.

साबणाची डबी घेतली. आत मायक्रोकंट्रोलरची चिप, पेन्सिल सेल, पुढे इन्फ्रारेडचा दिवा, वर एक टपोरं बटण. निरोप पकडणारं सर्किट पंख्याला जोडलं. बटण दाबलं की चिप जागी होऊन पंख्याला निरोप देणार, सुटलं की परत झोपणार. झोपेत सेल जवळजवळ खर्चच होत नाही, हे मी सासूबाईंना इतकं समजावलं की त्यांनाच डुलकी लागली.

पण रोज सकाळी सेल मेलेले. चिपमध्ये प्रोग्राम भरायचं यंत्र माजिवड्याला, ऑफिसात. रजा असून मी पर्समध्ये फ्लॉपी टाकून तिकडे पळत होते. भाजी निवडतानाही डोक्यात प्रोग्रामच. ओळी बदलल्या, सेल मेलेच. शेवटी सासूबाईंवर घसरले, दिवसभर बटणाशी चाळा करत असाल म्हणून. त्यांनी पेपर तोंडासमोर धरला.

संध्याकाळी घरात माणसं आली की पंख्यासाठी भिंतीवरचं बटण होतंच, रिमोट लागायचा नाही. मग मी रिमोटला धूळ लागू नये म्हणून तो दुधाच्या धुतलेल्या पिशवीत घालायची, रबरबँडने आवळून स्वयंपाकघरात ठेवायची. रविवारी सासूबाईंनी ते पुडकं मागून घेतलं आणि वरून बोट फिरवलं.

"अगं, रबर बटणावरच बसलंय. हे रात्रभर दाबलेलंच. झोपणार कधी ते?"

बिचारी चिप बटण सुटायची वाट बघत रात्रभर जागी, आणि मी माजिवड्याच्या फेऱ्या मारतेय.

सोमवारी सकाळी सेल जिवंत होते. तरी ऑफिसात दिवसभर डोळ्यांपुढे पंखाच. संध्याकाळी धावत घरी आले, तर पंखा सुरू झाला, थांबला, पुन्हा सुरू झाला. सासूबाई डबी पोटावर घेऊन पडल्या होत्या.

"बघ, ह्याला म्हणतात चाळा," त्या म्हणाल्या आणि परत बटण दाबलं.