माझी नियमदुरुस्ती

गोंधळ घालून सभागृह बंद पाडणाऱ्यांना आवर घालायची नियमदुरुस्ती मंजुरीला येणार होती. तिचा मसुदा मी चार महिने खपून लिहिला होता. मी दिल्लीत कारकुनी करतो अशी मामांची समजूत होती. ती खोडून काढायला मी त्यांना कऱ्हाडहून बोलावलं आणि संसदेच्या प्रेक्षक सज्ज्याचा पास काढून दिला. कामकाज आठवडाभर ठप्प होतं, पण माझ्या मसुद्यावर तरी चर्चा होईल, असं मला मनापासून वाटत होतं.

सत्तेत असताना ज्यांनी ही दुरुस्ती मागितली होती, तेच आता विरोधी बाकांवरून तिचे कागद भिरकावत होते. त्या गदारोळातच आवाजी मतदान झालं आणि सभागृह तहकूब झालं.

बाहेर आल्यावर मामांनी विचारलं, "तुझं कधी येणार?"

"झालं की मामा. मंजूर."

"ते ओरडत होते तेव्हा?"

"हो. पण एक स्वल्पविरामही बदलला नाही कुणी," मी अभिमानाने म्हणालो.

आर. के. पुरमला घरी पोचल्यावर बायकोने उत्सुकतेने विचारलं, "कसं झालं?"

"तुझा नवरा पहिला आला, सूनबाई," मामा म्हणाले. "पेपर मात्र कुणी तपासला नाही."