कळसाडीच्या रस्त्यावरून गेलेली वायर

तुमच्या धंद्यात कसं असतं ते मला माहीत नाही. आमच्या धंद्यात किस्से शोधायला जावं लागत नाही. ते सकाळी सात वाजता स्वतःच फोन करतात आणि म्हणतात, "भाऊ, नेट बंद शे." एक निस्तरून दुकानात परत यावं तर दोन नवीन पायरीवर बसलेले असतात.

माझं शहाद्याला दुकान आहे. आधी केबल टीव्ही होता, आता खेडोपाडी फायबरचं इंटरनेट देतो. सोबत सलीमभाई. त्याचे अब्बा बाजारात बायकांना काचेच्या बांगड्या भरायचे. सलीमभाई केसाएवढी काचेची तार जोडतो. तो म्हणतो, "अब्बांचं बरं होतं. बांगडी फुटली की नवीन विकली जायची. माझी काच फुटली की शिव्या पडतात."

गेल्या वर्षी कळसाडीच्या एका लाईनीने आम्हा दोघांचे जेवढे केस पांढरे केले, तेवढे बाकीच्या सगळ्या गावांनी मिळून केले नसतील. त्या एकाच लाईनीचं सांगतो, तेवढं पुरे.

*

सुरुवात ज्योतीवहिनीपासून. ही कळसाडीच्या पुरुषोत्तम आबांची सून. पुण्याच्या एका कंपनीत विम्याचे कागद तपासायची नोकरी, लग्न झाल्यावर तीच नोकरी घरून. घरून म्हणजे गच्चीवरून, कारण मोबाईलला रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ. डोक्यावर पदर, मांडीवर लॅपटॉप, आणि फोन टाकीच्या झाकणावर.

एक दिवस दुकानात आली आणि सरळ म्हणाली, "भाऊ, कंपनीने सांगितलंय, नेट धड नसेल तर पुण्याला येऊन बसा. मी गेले तर हेही माझ्यामागे येणार. मग एवढ्या घरात आबा आणि आई दोघंच. मला जायचं नाहीये."

मी छाती पुढे काढून म्हणालो, "वहिनी, दसऱ्याच्या आत लाईन तुमच्या घरात."

माणसाने जीभ चावायची जागा असते ती हीच. पण ती नंतर कळते.

*

लाईनीचा सरळ आणि सुरक्षित रस्ता म्हणजे आबांच्या केळीचा बांध. आम्ही गेलो तेव्हा आबा घडांना टेकू देत होते. घडाच्या ओझ्याने केळ आडवी होऊ नये म्हणून बेचक्याचा बांबू लावतात ना, तो.

"आबा, बांधावर तीन खांब रोवायचे आहेत. वहिनींच्या नेटसाठी."

"वायरमा करंट शे का?"

"नाही आबा. त्यातून फक्त उजेड जातो."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. आबांनी बांबू खाली ठेवला.

"रातदिन?"

"हो, रात्रंदिवस."

"मंग मन्ही केळी वेळना पहिलेच पिकी जाई ना भो. व्यापारीनी गाडी येवाले टाइम शे आनि घड पिवळा."

सलीमभाईला वाटलं, पुरावा दाखवला की माणूस ऐकतो. त्याने खिशातला तपासणीचा लाल दिवा काढला, वायरीच्या एका टोकाला लावला, आणि दुसरं टोक आबांच्या तळहातावर धरलं. हातावर लालभडक ठिपका. आबांनी ठिपक्याकडे पाहिलं, मग केळीकडे पाहिलं, आणि हात झटकून म्हणाले, "हाऊ तं इस्तव शे."

झालं, उजेडाचा विस्तव झाला. तीन दिवस समजावलं. मुलाने समजावलं, सुनेने समजावलं, बायकोने तर जेवण वाढताना समजावलं. आबा ढिम्म. शेवटी लाईन बांध सोडून रस्त्याने नेली. म्हणजे एका ठिकाणी वायर रस्ता ओलांडून पलीकडे गेली, आणि तिथले खांब जेमतेम उंचीचे. ही जागा लक्षात असू द्या.

*

वायर ओढून झाली, अजून चालूही केली नव्हती, तर सकाळी सातचा फोन. कोणीतरी वीस फूट तुकडा कापून नेला होता. चोराला तांबं पाहिजे, आणि आमच्या वायरीत तांबं औषधालासुद्धा नाही. पुढच्या वळणावर तुकडा सोलून टाकलेला सापडला. म्हणजे आमचं नुकसान, त्याचाही फायदा नाही.

मी चिडून पाटी रंगवून घेतली. मोठ्या अक्षरांत: "या वायरीत तांबे नाही. फक्त काच आहे." पाटी खांबाला ठोकली आणि निवांत झोपलो.

दुसऱ्या दिवशी बरोबर पाटीच्या खाली वायर कापलेली. तुकडा यावेळी नेलासुद्धा नव्हता. आणि पाटीवर माझ्या अक्षरांखाली कोळशाने लिहिलेलं: "खरं शे."

सलीमभाई म्हणाला, "निदान माणूस प्रामाणिक आहे."

*

तर दसऱ्याच्या आठ दिवस आधी लाईन सुरू झाली. घरोघरी जाणारी सगळी वायर ग्रामपंचायतीतल्या एका डब्यातून निघते. तिथेच छोटं उद्घाटन झालं. माईक हातात आला की माणसाचं जे होतं ते माझं झालं. मी म्हणालो, "मंडळी, आजपासून नेट हेच आपल्या गावाचं हत्यार!" टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात वाजवल्या त्या पंचायतीचे शिपाई वसंतदादांनी.

दसऱ्याच्या दिवशी अख्ख्या गावाचं नेट बंद. धावत गेलो. डब्याला झेंडूचा हार, हळदकुंकू, आपट्याची पानं, समोर नारळ. आणि डब्याचं बटण खाली.

"दादा, बंद का केलंय?"

"पूजा करी ना."

"झाली ना पूजा? मग चालू करा."

"दसऱ्याले पुजेल हत्यारले हात लावतस नही, भाऊ. उद्या सकाळ चालू करसू."

"अहो, हे हत्यार नाही हो!"

वसंतदादांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "तुम्हीच तं माईकवर सांगं."

ज्योतीवहिनीच्या कंपनीच्या परदेशातल्या गिऱ्हाइकाला दसरा नसतो. नवी साडी नेसून ती बिचारी पुन्हा टाकीजवळ उन्हात जाऊन बसली.

*

दिवाळी गेली आणि वहिनीचा फोन आला. बाहेर सगळ्यांचं नेट चालतं, आमच्याच घरात रांगतंय. सलीमभाईने रस्त्यापासून घरापर्यंत वायर तपासली, जोड तपासले, सगळं चोख. घरात आलो तर राऊटरच दिसेना. वायर मात्र भिंतीवरून सरळ लोखंडी कपाटात गेलेली. कपाटाला कुलूप.

किल्ली आबांच्या करदोड्याला, आणि आबा वावरात. तिथे जाऊन आबांनाच घेऊन आलो. कपाटात दागिन्यांचा डबा, जमिनीचे कागद, आणि त्यांच्यामध्ये आमचा राऊटर, टॉवेलात गुंडाळलेला.

"आबा, लोखंडातून नेट बाहेर येत नाही हो."

"वहूनी वस्तू शे," आबा म्हणाले. आमच्याकडे सुनेला वहू म्हणतात. "घर दिनभर उघडं ऱ्हास. कोनी लई गया तं तिनं काम बंद पडी ना."

रागवायला गेलो होतो, राऊटर फळीवर ठेवून परत आलो.

*

मग कारखान्याचं गाळप सुरू झालं. उसाने शिगोशीग भरलेल्या ट्रॉल्या रस्त्याने निघाल्या, आणि ती मघाची जागा आठवतेय ना, तिथे एका ट्रॉलीने वायर ओढून नेली. पण यावेळी फोन वेगळा होता.

"भाऊ, मी ट्रॉलीवाला बापू बोली ऱ्हायनू. तुमन्ही वायर मन्हा ऊसमा अटकीसन तुटनी. पन टेन्शन लेवू नका, मी जोडी दिधी."

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! एवढ्या वर्षांत पहिला माणूस, ज्याने चूक कबूल केली आणि वर दुरुस्तही केली. दहा मिनिटांनी वहिनीचा फोन आला, मीटिंग मध्येच तुटली. आम्ही पळालो.

बापूने वायरीच्या दोन टोकांची गाठ मारली होती. बैलाच्या दाव्याला मारतात तशी, वरून सुतळी गुंडाळून. स्वतः शेजारी अभिमानाने उभा.

"दोन जन लटकीसन देखं," तो म्हणाला. "हालत नही."

सलीमभाई चिडला की हिंदीत जातो. त्याने ती गाठ बराच वेळ सगळीकडून पाहिली आणि म्हणाला, "खोलने का दिल नहीं होता, भाई."

आता बापूला कसं सांगावं, की उजेडाला गाठीतून जाता येत नाही? आबांना उजेड जातो हे पटलं तेच नको होतं, बापूला पटत नव्हतं हेही नको होतं. गाठ कापून वायर पुन्हा जोडण्यात चार तास गेले.

संध्याकाळी वहिनीच्या घरी गेलो. तिने फोनवर आलेलं कंपनीचं पत्र दाखवलं. पुढच्या गुरुवारी सकाळी नऊ ते बारा, परदेशी गिऱ्हाइकासमोर तिने काम करून दाखवायचं. त्यात लाईन तुटली तर पुणे पक्कं. तिने चिडायला हवं होतं, चार शब्द सुनवायला हवे होते. तिने चहा केला. मी कप तसाच खाली ठेवला, कारण शब्द माझा होता आणि जाणार होती ती.

आबा ओट्यावर बसून सगळं ऐकत होते. त्यांनी सलीमभाईला विचारलं, "त्या वायरमा नुसता उजेड जास ना?"

"हो आबा. पण वहिनी बोलतात ना लॅपटॉपवर, तेव्हा त्यांचा आवाज, त्यांचा चेहरा, सगळं त्या उजेडातूनच जातं. ट्रॉली लागली की वहिनी मध्येच तुटतात."

आबांनी बोटांवर तास मोजले. मग फक्त विचारलं, "बारा वाजापर्यंत का?"

मी म्हणालो, "आबा, गुरुवारच्या आत तिथे उंच खांब लावतो." होय, पुन्हा शब्द दिला. सुधारत नाही मी.

*

आणि नेमकी सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा लागली. व्यापाऱ्यांना तात्पुरतं नेट द्यायचं काम आमच्याकडे. माणसं तिथे, शिडी तिथे, आणि तो उंच खांबही गाडीवर बांधलेला तिथेच. रोज म्हणायचो, उद्या सकाळी कळसाडी.

एका सकाळी एक घोडेवाला माझ्या मांडवात घोड्यासकट शिरला. लांबच्या एका शेठला तो व्हिडिओवर घोडा चालवून दाखवत होता. घोड्याने पुढचा पाय उचलला आणि त्याच क्षणी आमचं नेट अडकलं. शेठला तिकडे दोन मिनिटं पाय वरच दिसत होता. शेठ विचारत होता, जनावर पाय टेकत का नाही?

घोडेवाल्याने फोन माझ्या तोंडासमोर धरला. "सांगा यांना."

मी बोललो, "शेठ, घोडा ठणठणीत है, मैंने खुद देखा है." आयुष्यात मी घोड्याला हात लावलेला नाही, आणि गॅरंटी देत होतो. शेठने विचारलं, ये कौन बोल रहा है?

घोडेवाला म्हणाला, "नेटवाला है, शेठ. घोडा अच्छा है, लंगडा ये है."

आजूबाजूचे सगळे हसले. सलीमभाई हसला नाही. तो मोबाईलकडे पाहत होता. "भाई," तो म्हणाला, "आज गुरुवार."

दहा वाजून गेले होते.

*

गाडी कशी हाकली ते मला आठवत नाही. वाटेत वहिनीला फोन लावायची हिंमत नव्हती. सलीमभाई तार जोडायचं मशीन मांडीवर घेऊन बसला होता. तुटलेलीच असणार, हे दोघांनी धरून ठेवलं होतं.

कळसाडीच्या अलीकडे रस्ता अडलेला. उसाच्या ट्रॉल्यांची रांग, सगळ्यांचे हॉर्न चालू. आम्ही गाडी सोडून पळत पुढे गेलो. रांगेत दुसरी ट्रॉली बापूची. मला बघून तो स्टिअरिंगवरूनच ओरडला, "भाऊ, सांगा ना काही! नऊ वाजापासून हाऊ म्हतारा एक एक ट्रॉली सोडी ऱ्हायना. कारखानावाला मन्हा जीव लेई."

वायरीच्या खाली, रस्त्याच्या मधोमध आबा उभे होते. केळीचे दोन टेकू एकाला एक बांधून लांब केलेले, आणि वरच्या बेचक्यात आमची वायर उचलून धरलेली. टोपी खाली धुळीत पडली होती. पहिली ट्रॉली त्यांच्या बाजूने इंच इंच पुढे सरकत होती, आणि उसाच्या शेंड्यांपासून वायर हातभर वर होती.

मी जवळ जाऊन म्हणालो, "आबा, द्या इकडे. मी धरतो."

त्यांनी दिला नाही. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. नजर वायरीवर. पहिली ट्रॉली गेली, बापूने जोरात हॉर्न वाजवला आणि गिअर टाकला. आबांनी एक हात सोडून त्याला थांबवलं आणि वर वायरीकडे बोट केलं.

"हळू घे भो," ते म्हणाले. "मन्ही वहू जाई ऱ्हायनी आठून."