आर्डिसबाईंनी न दिलेले बूट

त्या ऑक्टोबरात आमच्या गावाला एकच काळजी होती: यंदा बास्केटखाली उभं कोण राहणार? कॉलेजच्या बास्केटबॉल संघातले दोन उंच गडी उन्हाळ्यात पदवी घेऊन निघून गेले होते. हंगामाआधी चर्चच्या तळघरात संघाला जेवण असतं. तिथे ताटं घेऊन रांगेत उभे असलेले लोकही हेच बोलत होते.

"टोबिन आहे ना," न्हावी लॉइड म्हणाला. "सहा फूट नऊ इंच."

"आणि त्याच्या जोडीला?"

"कर्टिस."

"कर्टिस माझ्या फ्रीजएवढा आहे. रुंदीला ठीक, पण उंचीलाही तेवढाच!"

"मग तो नवा पोरगा, वेस."

"त्याला आधी जेवू घाला."

वेस त्यांच्या मागेच उभा होता. त्याने मुकाट्याने आणखी एक पाव उचलला.

रांगेच्या टोकाला आर्डिसबाई क्वाले वाढत होत्या. एरवी लॉइडला उलट टोला दिल्याशिवाय त्या राहायच्या नाहीत. आज मात्र गप्प होत्या.

नवरा गेल्यावर दोन महिन्यांच्या बदलीवर म्हणून बाई कॉलेजात आल्या, त्याला बावीस वर्षं झाली. व्यायामशाळेच्या तळमजल्यावर, बॉयलरच्या शेजारी त्यांची खोली. गणवेश धुणं, टॉवेल घड्या घालणं, बूट देणं हे त्यांचं काम. दर सोमवारी सगळ्यांचे बूट टेबलावर उलटे मांडून त्या ओल्या फडक्याने तळवे पुसत, म्हणजे लाकडी मैदानावर पाय घसरत नाही. पुसता पुसता त्यांना कळायचं, कोण टाचेवर उतरतो, कोण मागे हटताना पाय ओढतो. पण कळलेलं वर जात नसे. एकदा एका जुन्या प्रशिक्षकाने, पहाटे धावायला कोण दांडी मारतं, असं विचारलं होतं. "मी कपडे धुते," बाई म्हणाल्या होत्या. म्हणूनच मुलं त्यांच्या खोलीत बसून मोकळेपणी रडत आणि मोकळेपणी शिव्या देत.

जेवणाच्या दिवशी सकाळी त्यांनी टोबिनचे बूट पुसले होते. उजव्याचा तळवा कडेने पार गुळगुळीत झालेला, डावा मात्र दुकानातून आणल्यासारखा. सराव सुरू झाल्यापासून तीन आठवडे तो एकाच पायावर उडत होता.

दुसऱ्या दिवशी टोबिन नवे बूट मागायला आला.

"उजवा घसरतोय, बाई."

"डावा गुडघा कधीपासून दुखतोय?"

त्याने दार लोटून घेतलं. मग म्हणाला, "ऑगस्टपासून. पण चालतंय."

"चालतंय ते दिसतंय. उडता येतंय का?"

"बाई, दोन वर्षं मी शेवटची दोन-दोन मिनिटं खेळलोय. यंदा पहिल्यांदा माझी जागा आहे. कोचना कळलं तर ती वेसला जाईल."

"कॉलेजकडून खेळायला चारच वर्षं मिळतात. पहिल्या सामन्यात एक मिनिट जरी उतरलास, तरी त्यातलं हे वर्ष खर्ची पडलं. नंतर गुडघा गेला तर परत मिळायचं नाही. आत्ताच थांबलास तर वर्ष शिल्लक राहतं."

"नियम मला माहीत आहे."

"मग कोचना सांग."

"नाही सांगणार. आणि तुम्हीही सांगणार नाही. तुम्ही कधीच सांगत नाही."

"मी सांगणार नाही," बाई म्हणाल्या. "बूटही देणार नाही."

टोबिनला आधी ती थट्टा वाटली. सतरा नंबरचा बूट आमच्या गावात काय, शेजारच्या तीन गावांतही मिळत नाही. जे काही होते ते बाईंच्या कपाटात, आणि कपाटाची किल्ली बाईंच्या गळ्यात.

चार दिवस तो त्याच गुळगुळीत बुटावर सराव करत राहिला आणि दोनदा पडला. पाचव्या दिवशी कोच हॉगलंड त्याला घेऊन खाली आले.

"आर्डिस, याला बूट का देत नाहीस? पुढच्या शुक्रवारी सामना आहे!"

"तो सांगेल."

"मी तुला विचारतोय."

"आणि मी त्याच्याकडे बघतेय," बाई म्हणाल्या, आणि टॉवेलच्या घड्या घालू लागल्या.

बॉयलर घुमत होता. टोबिनने एकदा कोचकडे पाहिलं, एकदा बाईंकडे. बाईंकडे पाहिलं ते चांगल्या नजरेने नव्हे.

"डावा गुडघा, कोच," तो म्हणाला.

गुडघ्यातली गादी फाटली होती. आणखी काही दिवस त्यावर उड्या मारल्या असत्या तर शिवायलाही काही उरलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. शस्त्रक्रिया झाली. टोबिनचं वर्ष वाचलं. आमची पुढची फळी म्हणजे आता कर्टिस आणि वेस.

"शाब्बास आर्डिस," लॉइड दुकानाच्या दारातून ओरडला, "आता तूच उभी राहा बास्केटखाली!"

"तुझ्यापेक्षा बरी उडेन," बाई म्हणाल्या. पण त्या आठवड्यात त्यांनी गावातल्या कॅफेत जाणं टाळलं. टोबिन खोलीत यायचा थांबला होता, त्याचा गणवेश दुसरंच कुणीतरी आणून टाकत असे. हे त्यांना जास्त लागलं असावं.

पहिल्या सामन्याला त्या प्रेक्षकांतल्या आपल्या नेहमीच्या पायरीवर बसल्या. वेसला समोरचे गडी कोपरांनी ढकलत होते आणि तो वेताच्या काठीसारखा वाकत होता. संघाच्या बाकाच्या टोकाला टोबिन डावा पाय लांब करून बसला होता. सुरुवातीला मान खाली. मग वेस तिसऱ्यांदा ढकलला गेला, तेव्हा टोबिनला राहवलं नाही. "आधी पाय रोव! हात नंतर!" त्याचा आवाज छतापर्यंत गेला.

बाईंच्या शेजारी एक उंच, वाकलेला माणूस येऊन बसला. "तुम्हीच आर्डिस ना? मी टोबिनचा बाप."

"हो."

"तो तुमच्यावर फार चिडलाय."

"माहीत आहे."

"मी नाही चिडलो," तो म्हणाला, आणि हातातली लाह्यांची पिशवी त्याने दोघांच्या मधे ठेवली.

आम्ही एकोणीस गुणांनी हरलो. गर्दी निघाली तेव्हा टोबिन कुबड्या टेकत बाईंच्या समोरून गेला. थांबला नाही. वेस त्याच्यामागून धावत काहीतरी विचारत होता, आणि टोबिन एक कुबडी काखेतून काढून, पाय कुठे टाकायचा ते त्याला जमिनीवर दाखवत होता. ते दोघं दाराबाहेर जाईपर्यंत बाई बघत राहिल्या. मग ओल्या टॉवेलांची टोपली उचलून त्या खाली निघाल्या.