खिदिरपूरचा म्हसोबा

नात्यातल्या एका लग्नासाठी पुण्याला गेलेली नलूमावशी तिकडेच, झोपेत गेली. फोन तिच्या भाच्याने केला. तुम्ही तिच्या कोण, असं त्याने साधेपणाने विचारलं आणि दिवसभर बँकेत लोकांना उत्तरं देणारी मी ‘ओळखीची’ असं काहीतरी पुटपुटले. दीड महिना झाला, ते अजून सलतंय.

बदली होऊन मी कोलकात्यात आले, तेव्हा ती इथल्या मराठी मंडळाच्या कोजागरीला भेटली. जन्म इथलाच, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेली, एकटी. पहिल्याच भेटीत तिने विचारलं, पडक्या घरात शिरायला भितेस का? त्यानंतर माझा रविवार माझा राहिला नाही. हावड्यातला बंद पडलेला कारखाना, बेहालाच्या गल्लीत दोन दुकानांमध्ये चेपलेलं शंकराचं देऊळ... कुलूप दिसलं की मावशीला चेव यायचा. दरवानाशी बंगालीत अशा गप्पा रंगवायची की तोच मागचं दार दाखवायचा. सत्तरीतली ही बाई खिडकीतून आत उतरायची आणि मी ओढणी खिळ्यात अडकवून बाहेर लोंबकळत असायचे. केसांत कोळिष्टकं घेऊन ती हसायची तेव्हा मला तिचा चक्क हेवा वाटायचा.

खिदिरपूरच्या गोदीजवळ एक ओसाड गोदाम होतं. छप्पर गेलेलं, आत वड वाढलेला आणि त्याच्या मुळाशी शेंदूर फासलेला दगड. हा तर आमच्याकडचा म्हसोबा, मी सहज बोलून गेले. मावशीने म्हसोबा फक्त आईवडिलांच्या गप्पांत ऐकलेला. गोदीवरच्या कुणा मराठी खलाशाने तो बसवला असणार, असा इतिहास तिने तिथल्या तिथे रचला. आम्ही नारळ फोडला. पुढच्या रविवारी पाहतो तर खोबरं उचललेलं, जागा झाडलेली, ताजी फुलं. मावशीला राहवेना. गोदाम पावसाळ्याआधी पाडणार होते, त्यापूर्वी तो मराठी माणूस तिला सापडायलाच हवा होता. सगळा जन्म या शहरात गेला, पण इथे आपलं म्हणावं असं कुणी आहे का, हेच ती शोधत होती असं मला आता वाटतं.

ज्येष्ठातल्या एका सकाळी माणूस सापडला, पण ती निघाली बंगाली म्हातारी. हातात दही, केळी आणि हळदीत भिजवलेले दोरे. म्हसोबाचं ऐकून ती पोट धरून हसली. दगड षष्ठीचा होता. मुलांना सांभाळणारी देवी, आपल्या सटवाईची बहीणच म्हणा. आज आया इथे मुलांसाठी येतात, असं सांगून तिने मावशीला विचारलं, तुला मुलंबाळं किती?

मावशीला मूलबाळ नव्हतं. विषय बदलायला मी पुढे झाले, तर मावशीने माझं मनगट धरलं.

“एकच,” ती बंगालीत म्हणाली. “ही काय.”

म्हातारीने माझ्या पिकू लागलेल्या केसांकडे पाहिलं आणि एक दोरा मावशीच्या हातात ठेवला. तो आईनेच बांधायचा असतो म्हणे. मावशीला गाठ काही नीट जमेना... परतीच्या बसमध्ये मात्र पुढच्या रविवारचे बेत तेवढे जोरात चालले होते.

गोदाम पडलं. दोऱ्याचा रंग विटलाय, पण मी तो काढलेला नाही. परवा काउंटरवर एका बाईने विचारलं, हा कसला दोरा?

आईने बांधलाय, मी म्हणाले.