दुपारी दीडची हवा

माझं काम सांगितलं की लोक हसतात. उपग्रहातून हवेतली धूळ मोजायची! उन्हाचा उजेड वर परत जाताना धुळीनं, धुरानं किती अडतो, त्यावरून हवेत काय आहे ते काढायचं. सोलापुरात सात रस्त्याजवळच्या ऑफिसात बसून मी नकाशे रंगवते. निळा म्हणजे चांगली हवा, लाल म्हणजे वाईट.

आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, दम्यानं बेजार केलं तेव्हा प्रश्न एवढाच होता: त्यांना जुळे सोलापुरात माझ्या फ्लॅटवर ठेवायचं, की वेळापूरजवळ गावी, धाकट्या भावाकडे? धुरापासून लांब ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी तोऱ्यात नकाशा उघडला. सोलापूर लाल, गाव निळंशार. झालं, आप्पा गावी गेले. तेही खूश होते.

ऊसतोडीच्या दिवसांत त्यांचा फोन आला. "लई धूर हाय गं हितं."

मी नकाशा बघितला. निळाच. "काहीतरीच तुमचं, आप्पा. हवा चांगली आहे की!"

"व्हय का? तू म्हणतीस तर आसंल," म्हणाले, आणि फोन ठेवला.

पंधरा दिवसांनी ते गेले.

तिसऱ्या दिवशी मी भावाच्या घरी, स्वयंपाकघराच्या खिडकीखालच्या ओट्यापाशी उभी होते. दिवस मावळत होता. शेजारच्या रानात तोडलेल्या उसाचं वाळलेलं पाचट पेटवलं आणि अंगण धुरानं भरलं. संध्याकाळी वारा पडल्याशिवाय पाचट कुणी पेटवत नाही, नाहीतर जाळ उभ्या उसात शिरतो. आणि आमचा उपग्रह गावावरून जातो दुपारी दीडच्या सुमारास. तोवर आदल्या संध्याकाळचा धूर पांगलेला असतो. शेतकऱ्याचीच पोर मी, दोन्ही गोष्टी मला ठाऊक होत्या. डोंबलाची हुशारी! एकीशेजारी दुसरी ठेवून कधी बघितलीच नाही.

रडू यायला हवं होतं. आलं नाही. दात काढल्यावर गाल बधिर होतो, तशी सगळी बधिर झाले होते.

भावाची बायको खिडकी लावायला आली. म्हणाली, "आमी रोज सांगायचो वन्सं, धूर हाय, आत झोपा. ऐकायचेच न्हाईत. पोरीनं वरनं बघून सांगितलंय, हवा चांगली हाय, म्हणायचे. शेवटपर्यंत बाज अंगणातच."

मी "हं" म्हटलं आणि कपबशा विसळायला घेतल्या.